तुझी सहा मिनिटं मी कापली होती

सुजाता,

तुझ्या शोकसभेत हेडसर म्हणाले, "सुजाता मॅडम म्हणजे शांत व्यक्तिमत्त्व. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी कधी कुणाशी वाद घातला नाही." मी तिसऱ्या रांगेत बसले होते. मला उठून ओरडावंसं वाटलं. तू? वाद घातला नाहीस? हजेरी घेताना मुलांच्या जातीचा रकाना मोठ्यानं वाचायचा नाही, एवढ्यासाठी तू याच हेडसरांच्या केबिनमध्ये अख्खी मधली सुट्टी उभी राहिली होतीस. तेव्हा ते म्हणाले होते, "मॅडम, तुमचा स्वभाव फार तापट आहे." आणि आता तू शांत. फोटोला हार पडला की माणसाचे सगळे कंगोरे घासून गुळगुळीत करून टाकायचे, असा काही नियम आहे का? सगळे माना खाली घालून दोन मिनिटं उभे राहिले. मीही राहिले. ओरडले नाही. माझ्या जागी तू असतीस तर ओरडली असतीस.

सभा संपल्यावर लोक येऊन माझे हात दाबत होते. "तुमची तर सख्खी मैत्रीण गेली, वैशाली मॅडम." मी मान डोलावत होते. त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं की त्या सख्ख्या मैत्रिणीशी मी एकोणीस दिवस एक शब्द बोललेले नव्हते. हे फक्त तुला माहीत होतं. तू गेलीस आणि मला त्या खोट्या सांत्वनात एकटीला उभं केलंस.

मला तुझा राग येतोय सुजा. रडू येईल असं सगळे सांगत होते. येतं, पण थोडं. राग मात्र सकाळी उठल्यापासून असतो. तू भांडण अर्ध्यात टाकून गेलीस. आता माझी बाजू मी कुणाला सांगू, आणि ती चूक आहे हे मला कोण सांगणार?

आपलं सुरू कसं झालं ते सांगितलं तर लोक हसतात. तू मराठी शिकवणारी, मी चित्रकला. दोघी चाळिशीच्या. जाताना जालन्याहून अंबडची साडेनऊची बस, येताना साडेपाचची, रोज शेजारी शेजारी. तुझ्या भावानं, आनंदनं, हौसेनं गेमचं मशीन आणलं आणि कंपनीतल्या शिफ्टांमुळं ते महिनाभरात धूळ खात पडलं. एका रविवारी दुपारी मी तुमच्या मस्तगडच्या घरी आले, तर तू टीव्हीसमोर मांडी घालून, ओढणी कमरेला बांधून, एका राक्षसाला भाल्यानं भोसकत होतीस.

"वैशे, जल्दी ये. हा मरूनच न्हाई राह्यला!"

आतून तुझी आई म्हणाली, "मास्तरीण झाली आन् हे करून राह्यली." तू म्हणालीस, "आई, हा राक्षस न्हाई, हा शिक्षणाधिकारी हाय." आई हसत हसत दोन कप चहा घेऊन बाहेर आल्या. त्या दिवसापासून रविवारची दुपार आपली झाली. माझ्या नवऱ्याला बरेच महिने वाटत होतं की आपण भिशी लावली आहे.

चॅनेलची कल्पना तुझी. "मराठीत गेमबद्दल कुणी नीट सांगतच न्हाई. जे सांगतात ते नुसते बोंबलतात." नाव ठेवलं 'दोन बाया, एक रिमोट', कारण कंट्रोलरला तू शेवटपर्यंत रिमोटच म्हणत राहिलीस. बोलायचीस तू, मध्ये मध्ये मी. कापाकापी, चित्रं, आवाज जोडणं हे सगळं माझ्याकडं. आणि शेवटी तुझा शेरा, प्रगतिपुस्तकावर लिहितात तसा. एका गेमला तू दिलास, "अभ्यासात हुशार, पण वर्गात फार बडबड करतो." एका तलवारबाजीच्या गेममध्ये लढाया संपता संपत नव्हत्या, तर "पालकांनी त्वरित भेटावे." लोकांना ते आवडायचं. एक रिटायर्ड पोस्टमास्तर तर गेम खेळायचेच नाहीत. ते फक्त तुझं मराठी ऐकायला यायचे आणि खाली न चुकता लिहायचे, "आजही ऐकले. बरे वाटले."

मग तो गेम आला. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, आपण त्याला बदकराजा म्हणायचो. राजधानीवर शाप पडलेला असतो आणि राजाचं बदक झालेलं असतं. पण हे कबूल करायची दरबारात कुणाची हिंमत नाही. सगळे त्या बदकापुढं वाकतात, ते क्वॅक करतं, प्रधान त्याचा सरकारी अर्थ सांगतो, आणि त्याप्रमाणे कर वाढतात, लढाया सुरू होतात. आपण खेळायचो तो नोकरीवरून काढून टाकलेला एक सरदार. त्याची तलवार बोलते. बोलते म्हणजे कुरकुर करते: गंज चढलाय, मान अवघडलीय, कालच्या राक्षसाच्या अंगाला वास होता. तू पहिल्या तासातच कंट्रोलर मांडीवर टाकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस. बदकाला तू हेडसरांचा आवाज दिलास. "क्वॅक! उद्यापासून सर्वांनी टाचणवही वेळेत पूर्ण करावी!"

लढाईही झकास होती. प्रत्येक घावाला वजन होतं, वार चुकवायला अर्ध्या श्वासाचा वेळ मिळायचा. तलवारीला फार राबवलं की ती ऐन लढाईत संपावर जायची आणि तिची समजूत काढावी लागायची, तीन उत्तरांतून एक निवडून. तू बरोबर उत्तर निवडायचीस. मी तिचा अपमान करायचे आणि मरायचे. तू म्हणायचीस, "तुला समजूत काढणं येतच न्हाई वैशे. बिलकुल न्हाई." हे तू हसत म्हणायचीस.

रेकॉर्डिंगच्या त्या रविवारी आपण राजधानीच्या खाली, गटारांत उतरलो. तिथं ती करडी बुटकी माणसं होती. खराटे घेऊन घाण उपसणारी. त्यांना मी लगेच नाव दिलं, गटारबुटके. त्यांना लाथ मारली की ते गोल गोल गडगडायचे, उठून कमरेत पार वाकायचे आणि चिरक्या आवाजात म्हणायचे, "उपकार झाले मालक!" शंभर लाथा झाल्या की सरदाराला पिसांची टोपी मिळणार होती. कंट्रोलर माझ्या हातात होता. मी मारत सुटले. प्रत्येक वेळी तो आवाज यायचा आणि मला हसू आवरायचं नाही.

"वैशे, नको ना," तू म्हणालीस.

"अगं, चाळीस झाले. टोपी मिळती."

"नको म्हणून राह्यले ना मी."

मी आणखी दोन मारल्या. मग तुझ्याकडं पाहिलं. तू स्क्रीनकडं बघतच नव्हतीस.

"हे हसण्यासारखं न्हाई," तू म्हणालीस.

"गेम हाय सुजा. बदकावर हसली तवा?"

"बदक राजा हाय. राजावर हसायला हिंमत लागती. ह्यांच्यावर हसायला काय लागतं?" तुझा आवाज वर्गातला झाला होता. "माझ्या आज्याला असंच कमरेत वाकावं लागायचं. जोहार मायबाप म्हणून. अस्संच, खाली बघून. गेममध्ये न्हाई वैशे, गावात. गावची मेलेली ढोरं वढून झाल्यावर."

"मला म्हाईतय गं ते. पण..."

"तुला काय म्हाईत? तुमच्या घरात कुणी जोहार घातला न्हाई. तुमच्या घरानं घालून घेतला. तुझ्या आजोबांच्या दारात बी कुणीतरी वाकलंच असंल की."

आणि मी ते वाक्य बोलले. तू गेल्यापासून ते रोज माझ्या कानात वाजतं. मी म्हणाले, "सुजा, मी तुझ्या घरी जेवते. आणखी काय करू?"

तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू फक्त माझ्याकडं पाहिलंस आणि मला पूर्ण नावानं हाक मारलीस.

"वैशाली, तू आत्ता काय बोलली ते तुला ऐकू आलं का?"

मला ऐकू आलं नव्हतं. मला वाटत होतं मी फार मोठं काहीतरी सांगितलं. माझा अपमान झाला म्हणून मी उठले आणि गच्चीवर गेले. तिथं उन्हात उभी राहून समोरच्या दुकानाची पाटी वाचत राहिले. मनात तुला उत्तरं देत होते: आम्ही काय केलं, मी काय केलं, मी तर कधी भेद केला नाही. दर उत्तरात मी आणखी चांगली होत गेले. खाली आले तेव्हा तू माइकसमोर बसली होतीस. "चल, पुढचं घेऊ," एवढंच म्हणालीस. आपण पुढचं घेतलं. मारामारी, संगीत, मशीन किती तापतं, कुणी घ्यावा, कुणी घेऊ नये. दोघींचेही आवाज सुकलेले होते.

मंगळवारी मी एडिटला बसले. भांडण सुरू होतं तिथून मी गच्चीवरून परत येईपर्यंतचा तुकडा सहा मिनिटांचा होता. मी तो ऐकलासुद्धा नाही. पडद्यावर आवाजाची नागमोडी रेघ दिसते ना, त्या रेघेवर दोन खुणा केल्या आणि मधलं उडवून दिलं. लोक गेमबद्दल ऐकायला येतात, आपल्या घरच्या इतिहासाबद्दल नाही, असं मी स्वतःला सांगितलं. माझं हसणं मात्र ठेवलं. छान आलं होतं ते, मोकळं. तुला न विचारता व्हिडिओ टाकला. आणि नेमका तोच चालला. आपल्या चॅनेलवर कधी नव्हती इतकी माणसं आली. खाली लोक लिहीत होते, बाईंचं हसणं ऐकून आम्हीपण हसलो.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये तू विचारलंस, "माझा आवाज कुठंय?"

"व्हिडिओ लांब झाल्ता. थोडा कमी केला."

"थोडा? माझं म्हणणंच न्हाई त्यात. शेराबी न्हाई. मी तिथं बसलेली दिसते आन् तुझ्या हसण्याला मान हलवते."

"सुजा, तू भडकल्ती. ते लोकांना दाखवायचं का?"

"हां. दाखवायचं."

"आपल्या चॅनेलवर मला जातीपातीचं नको."

तू खिडकीकडं तोंड केलंस. बाहेर मोसंबीच्या बागा मागं जात होत्या. तशीच बाहेर बघत तू म्हणालीस, "मंग त्या माणसांना लाथा मारल्या ते काय व्हतं?" मी पर्स उघडून तिकीट शोधत बसले. संध्याकाळच्या बसला तू पुढच्या सीटवर जाऊन बसलीस, मी तीन सीटा मागं.

एकोणीस दिवस आपण एकाच बसनं, एकाच शाळेत, एकाच स्टाफरूममध्ये, अशा गेलो-आलो. मला वाटायचं तू आधी बोलशील. नेहमी तूच आधी बोलायचीस. हे किती सोयीचं होतं मला. आता लक्षात येतं की आपल्या सगळ्या भांडणांत पहिला शब्द तुझा असायचा, आणि मी मोठ्या मनानं माफ केल्यासारखी हसायचे. या वेळी तू बोलली नाहीस. बरोबरच होतं तुझं. पण सुजा, दुसरी कुठली तरी वेळ निवडायची होतीस बरोबर असण्याची.

कारण शेवटच्या आठवड्यात तू बसमध्ये हनुवटीखाली हात दाबून धरायचीस. जबडा चोळायचीस. मी मागून बघत होते. मला वाटलं तू दात-ओठ खातेयस. माझ्यावर. एवढी मी मोठी, की तुझा जबडासुद्धा माझ्यासाठीच दुखणार. स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारलं तर तू म्हणालीस, "ॲसिडिटी हाय. बराबर होईल." पर्समधली गोळी काढून चघळलीस आणि नववीच्या तासाला गेलीस. सगळ्यांनी ऐकलं. ज्या माणसानं "ॲसिडिटी काय, चल डॉक्टरकडं" म्हणून तुझा हात धरून ओढलं असतं, ते माणूस कोपऱ्यात वह्या तपासायचं नाटक करत होतं. आणि तू? तुला एवढं सगळं कळायचं, कुठला विनोद कुणाच्या पाठीवर उभा आहे ते पाच मिनिटांत कळायचं, मग छातीत काय चाललंय ते कळलं नाही? घरी आईला सांगितलं नाहीस, आनंदला सांगितलं नाहीस. वर्गात मुलींना सांगायचीस, दुखतंय ते बोला, गप्प बसू नका. खोटारडी. दुसऱ्यांसाठी भांडणारी आणि स्वतःच्या दुखण्याला गोळी चघळून गप्प करणारी.

त्या सोमवारी सकाळी आठच्या सुमारास आनंदचे दोन फोन आले. मी नाव पाहिलं आणि फोन पालथा ठेवला. मला वाटलं तू त्याला मध्यस्थीला घातलंस. मनातून बरंही वाटलं, आली शेवटी. साडेनऊच्या बसला तू नव्हतीस. मला वाटलं, मला टाळायला आधीच्या बसनं गेली. शाळेत पोचले, तू नव्हतीस. कुणीतरी विचारलं, "सुजाता मॅडम नाही आल्या?"

मी म्हणाले, "मला काय माहीत? मी काय त्यांची पीए आहे?"

साडेअकराला हेडसरांना फोन आला. तू पहाटे सहाला, अंघोळीचं पाणी तापत ठेवून, स्वयंपाकघरात खाली बसलीस ती उठली नाहीस. साडेपाच तास, सुजा. साडेपाच तास मी गेलेल्या माणसावर फुगून बसले होते. त्यातले दोन तास तर चांगले मजेत फुगले होते.

तुझ्या घरी आले तेव्हा आईंनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्यांना काही माहीत नव्हतं. "लई जीव व्हता तिचा तुझ्यावर," म्हणाल्या. आनंदनं एकदाच माझ्याकडं पाहिलं आणि नजर वळवली. त्याला माहीत होतं. तू त्याला सांगितलं होतंस, हे मला तिथंच कळलं, पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांच्या गर्दीत, बुद्धवंदना चालू असताना. मी हात जोडले. शब्द मला येत नव्हते. इतक्या वर्षांत तुमच्याकडं किती कार्यक्रमांना आले, खीर खाल्ली, फोटो काढले, पण ते शब्द काय आहेत हे कधी विचारलं नाही. तुला मात्र आमच्याकडची आरती पाठ होती.

शोकसभेवरून घरी आल्यावर मी कॉम्प्युटर उघडला आणि मूळ रेकॉर्डिंग काढलं. मी कापलेलं काही पुसत नाही, हा माझा एकच गुण. ती सहा मिनिटं पहिल्यांदा ऐकली. आधी आपलं भांडण. मग माझं ते वाक्य. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मी दाणदाण पाय आपटत जिना चढतेय. आणि मग तू एकटी. मी वर उन्हात स्वतःला चांगली ठरवत होते तेव्हा तू खाली माइकसमोर बोलत होतीस, शांतपणे, शब्द निवडून.

तू म्हणालीस, "हा गेम लिहिणारी माणसं हुशार आहेत. बदकाचा दरबार त्यांनी असा लिहिलाय की सत्तेचा सगळा बावळटपणा उघडा पडतो. तिथं हसताना आपण थोडे शहाणे होतो. म्हणूनच गटारातला विनोद मला जास्त लागला. ज्यांना वरच्याला खाली खेचता येतं, त्यांनी आधीच खाली असलेल्याला लाथ मारून हशा का मिळवावा? तो विनोद नाही, तो आळस आहे. गेम मी पूर्ण खेळणार आहे. तुम्हीही खेळा. फक्त तिथं पोचलात की टोपी घेऊ नका. शेरा: बुद्धी भरपूर, वापर आळशी. पुन्हा परीक्षेस बसवावे."

मला वाटलं संपलं. पण तू पुढं बोललीस, आवाज खाली आणून. "आणि वैशाली हसली म्हणून तिला कुणी बोलू नका. ते रचलंयच असं की हसू यावं. काल एकटी खेळताना पहिल्या लाथेला मीपण हसले होते. मग आजा आठवला."

मी ते परत लावलं. आणखी एकदा लावलं.

तूपण हसली होतीस! आणि हे तू मला सांगितलं नाहीस. माइकला सांगितलंस, पोस्टमास्तरांना सांगणार होतीस, जगाला सांगणार होतीस, आणि मला "चल, पुढचं घेऊ" म्हणालीस. एका वाक्यानं मी बसमध्ये तुझ्या शेजारी येऊन बसले असते. का सांगितलं नाहीस? मी एडिट करताना ऐकेन असं वाटलं तुला? अर्थातच वाटलं असणार. माझं कामच ते होतं. तू ते माझ्यासाठीच ठेवलं होतंस आणि मी न ऐकता कापलं. एकोणीस दिवस तू समजत होतीस की मी हे सगळं ऐकलंय, आणि ऐकूनही कापलंय. मला आता कुठल्याच मार्गानं तुला सांगता येत नाही की मी दगड नव्हते, नुसती बेपर्वा होते. यातलं वाईट कुठलं, तेही मला ठरवता येत नाही.

व्हिडिओ मी परत टाकला. पूर्ण. माझ्या वाक्यासकट, जिन्यावरच्या पायांसकट. खाली एकच ओळ लिहिली: आधी मी हे कापलं होतं, ती चूक माझी.

मग जे व्हायचं ते झालं. गेमला गेमसारखं घ्या म्हणणारे आले. मेलेल्या बाईच्या नावावर दुकान चालवते म्हणणारे आले. तुझ्याबद्दल जे लिहिलं गेलं ते इथं लिहिणार नाही, मी बसून एकेक पुसलं. पोस्टमास्तरांनी लिहिलं, "आज ऐकले. बरे वाटले नाही. पण ऐकले." आणि भोकरदनजवळच्या आमच्या गावाहून दादाचा, माझ्या थोरल्या भावाचा, फोन आला.

"आपल्या आजोबाचं नाव अख्ख्या दुनियेसमोर काढायची काय गरज व्हती?"

"नाव मी न्हाई काढलं. दारात वाकणाऱ्याचं बोलली ती."

"एकच हाय ते. काढून टाक व्हिडिओ."

"एकदा काढल्ता. आता न्हाई काढणार."

"मंग दिवाळीला येऊ नको," दादा म्हणाला आणि फोन ठेवला. मी हातातला फोन गादीवर फेकला. भिंतीवर फेकायची हिंमत नव्हती.

आनंदकडं गेले. व्हिडिओ टाकला म्हणून सांगितलं. मला वाटलं तो काहीतरी बरं बोलेल. खरं सांगते, त्यासाठीच गेले होते. तो म्हणाला, "पाह्यला मी. चांगलं केलं का वाईट, मला सांगता येत न्हाई, वैशालीताई. ती असताना इचारायला पायजे व्हतं तिला." मग मशीनकडं बोट दाखवून म्हणाला, "तुमचा तो गेम राह्यलाय अर्धा. तिच्या खात्यात हाय. खेळून टाका, मंग मी हे विकून टाकतो."

चार रविवार मी तुमच्या त्या खोलीत एकटी खेळले. तुझ्या खात्यावरून. मला एक आशा होती, ती सांगते, हसू नकोस. मला वाटत होतं की शेवटी काहीतरी असेल. गटारातली माणसं उठतील, खराटे घेऊन दरबारात शिरतील, सरदाराला प्रत्येक लाथेचा जाब विचारतील, आणि कळेल की लिहिणाऱ्यांनी हे सगळं मुद्दाम रचलं होतं. मग आपण दोघी थोड्या थोड्या बरोबर ठरलो असतो. तसं काही नव्हतं. राजाचा शाप उतरतो. राजा माणूस झाल्यावर बदकापेक्षा जास्त मूर्ख निघतो, हे फार सुंदर लिहिलंय, तू टाळ्या वाजवल्या असत्यास. आणि गटारातल्यांना शेवटी नवीन खराटे मिळतात. ते वाकून उपकार मानतात. संपलं. एवढ्या हुशार माणसांना यापलीकडचं सुचलं नाही. मी टीव्ही बंद करून तिथंच बसून राहिले. तू बरोबर होतीस, पूर्ण. आणि बरोबर ठरलीस म्हणून कॉलर ताठ करायला तू नव्हतीस.

दादानं नको म्हटलं तरी मागच्या शनिवारी मी गावाकडं गेले. तो शेतात होता. आई ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी शेजारी बसले, शेंगा घेतल्या. मग विचारलं.

"आई, आपल्या आजोबाच्या दारात कोणी जोहार घालायला यायचं का गं?"

आईनं मान वर केली नाही. "यायचा की एक जण. मी नवी नवरी हून आल्ते तव्हा. म्हातारा झाल्ता. दारात न्हाई यायचा, तिकडं गोठ्यापाशी उभा राह्यचा. मामंजीनं हाक मारली की पळत यायचा. लई गरीब सभावाचा. मी वरून भाकर टाकायची त्याच्या पदरात."

"वरून?"

"मंग? तशीच रीत व्हती."

"नाव काय त्याचं?"

आईचे हात थांबले. ती आठवत होती, खरोखर आठवत होती. कपाळाला आठ्या पडल्या. मग म्हणाली, "नाव गं... नाव कुणी घेतच नव्हतं. नुसतं ए म्हणायचे." आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.

मी बेचाळीस वर्षांची आहे, सुजा. त्या ओसरीत मी रांगले, त्या गोठ्यापाशी लपाछपी खेळले, आणि मी हे विचारायला तुला मरावं लागलं. मी आईवर चिडले, आजोबांवर चिडले. आईला वाईट वाटलं हे दिसत होतं, तरी चिडले. संध्याकाळी परत निघाले तेव्हा बसमध्ये मला कुणाची सहानुभूती नको होती. मला कुणीतरी असं हवं होतं जे खिडकीकडचं तोंड वळवून म्हणेल, "बेचाळीस वर्षं लागली तुला हे इचारायला?" आणि मी त्यावर चिडून म्हणेन, निदान विचारलं तरी. आणि ते म्हणेल, एवढ्यानं भागलं व्हय? आणि आपण जालना येईपर्यंत भांडत राहू.